काचबिंदू की एमएस? दाबाच्या एका आकड्यावर हे ठरत नाही

ठाण्यात तलावपाळीवर सकाळी फिरणाऱ्या मंडळींपासून घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांपर्यंत सध्या एक संदेश पुढे ढकलला जात आहे. त्याचा आशय असा: काचबिंदू आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस (शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि नसांवर उलटते तो आजार), या दोन्हींत डोळ्याची नस सुकते, म्हणून फक्त डोळ्यातील दाब मोजावा, वाढलेला असेल तर काचबिंदू, नसेल तर एमएस. डोळा दुखत असेल तर तो काचबिंदूच. नजर आपोआप परतली तर एमआरआयवर पैसे घालवू नयेत, आणि स्टेरॉइडचे थेंब दोन्हींवर चालतात. नौपाड्यातील एका दवाखान्यात दृष्टिक्षेत्र तपासणीचे, म्हणजे नजर कडेपर्यंत कुठेकुठे पोहोचते ते पाहण्याचे, यंत्र चालवणे हे माझे रोजचे काम असून याच आठवड्यात दोघांनी हा संदेश मोबाइलवर उघडून माझ्यापुढे धरला, म्हणून हे सविस्तर उत्तर.

नस दोन्हींत झिजते, एवढे खरे आहे. दाबाचे गणित मात्र दोन्ही बाजूंनी चुकते. डोळ्यातील दाब साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. पण त्या मर्यादेत राहूनही नस पोखरली जाणारा काचबिंदू असतो, आणि जपानमध्ये तर उघड्या कोनाच्या (डोळ्यातील पाण्याचा निचरा होण्याची जागा उघडी असलेल्या) काचबिंदूचे बहुतेक रुग्ण याच प्रकारचे असतात. उलट २५ दाब असलेल्या कित्येकांची नस शाबूत असते. ‘नसेल तर एमएस’ हे तर अजबच, कारण त्या न्यायाने रस्त्यावरचे बहुतेक लोक एमएसचे रुग्ण ठरतील. शिवाय एमएस असलेल्या माणसाला पन्नाशीत काचबिंदू होऊ नये, असा काही नियम नाही.

दुखण्याबाबत संदेशाने नेमके उलटे सांगितले आहे. उघड्या कोनाचा काचबिंदू दुखत नाही, म्हणूनच लोक उशिरा येतात. कोन अचानक बंद झाला, तर डोळा लालभडक होतो, ठणकतो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, उलट्या होतात. तेव्हा तासांचाही विलंब परवडत नाही. एमएसमध्ये नसेला सूज येते तेव्हाचे दुखणे निराळे असते: डोळ्यामागे, आणि नजर इकडेतिकडे वळवली की वाढणारे. अशा दहापैकी नऊ रुग्णांना ते जाणवते.

खरा फरक नजर कशी गेली, यात सापडतो. काचबिंदूत ती वर्षानुवर्षे कडेकडेने जाते आणि मधली शेवटपर्यंत टिकते, त्यामुळे माणूस वर्तमानपत्र वाचत असतो आणि जिन्याची पायरी चुकतो. नसेच्या सुजेत ती काही तासांत किंवा दिवसांत, बहुधा एकाच डोळ्याची आणि बहुधा मधली जाते. रुग्ण सहसा विशी ते चाळिशीतला असतो आणि त्यांत स्त्रिया अधिक. ऐरोलीत नोकरी करणारी एक मुलगी ‘चष्म्याचा नंबर वाढला’ म्हणून आली होती. मी थेंबांच्या बाटलीचे लाल टोपण तिच्या डोळ्यांपुढे आळीपाळीने धरले. उजव्या डोळ्याला ते कुंकवासारखे दिसले आणि डाव्याला, तिच्याच शब्दांत, ‘धुऊन विटलेल्या कापडासारखे’. लाल रंग असा एकाच डोळ्याला फिका दिसणे ही नसेच्या सुजेची खूण. दाब दोन्हीकडे १४ होता. आतून पाहिले तर नस ठीकठाक दिसली, कारण सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत सूज डोळ्याच्या मागे असते आणि सुरुवातीला तिथे काहीच दिसत नाही.

आमच्या यंत्राचा कागदही एकटा निर्णायक नसतो. काचबिंदूत आडव्या मध्यरेषेला धरून कमानीसारखा काळा पट्टा उमटतो, नसेच्या सुजेत मात्र कोणताही आकार उमटू शकतो. म्हणून ओसीटीही, म्हणजे डोळ्याच्या आतल्या थरांची जाडी दाखवणारे स्कॅनही, पाहतात: काचबिंदूत नसेचे तंतू वरखाली अधिक झिजतात आणि नसेच्या तोंडाशी असलेला मधला खळगा रुंदावतो, एमएसमध्ये कानशिलाकडची बाजू आधी पातळ होते आणि नस खळग्याच्या मानाने फारच फिकी पडते. एकाची दोन दिसणे हे तर काचबिंदूचे लक्षणच नव्हे, एमएसमध्ये ते आढळते.

सर्वांत घातक वाक्य आहे ते नजर परतण्याचे. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. नसेच्या सुजेत ती काही आठवड्यांत बहुतेकांची बरीचशी परतते, पण म्हणून आजार संपत नाही. अमेरिकेत अशा रुग्णांचा १५ वर्षे मागोवा घेतला, तेव्हा सुरुवातीच्या एमआरआयमध्ये मेंदूत एकही डाग नसलेल्यांपैकी २५ टक्क्यांना आणि एक तरी डाग असलेल्यांपैकी ७२ टक्क्यांना एमएस झाल्याचे आढळले. आपल्याकडे एनएमओ आणि मॉग या, नसेला अशीच सूज आणणाऱ्या पण एमएसहून वेगळ्या, आजारांसाठी रक्ततपासणीही करावी लागते, कारण एमएसची काही औषधे एनएमओमध्ये अपायकारक ठरतात.

राहिले स्टेरॉइड. नसेच्या सुजेत ते शिरेतून देतात. नजर लवकर सुधारते, अंतिम फरक फारसा पडत नाही. नेहमीच्या मात्रेतील नुसत्या गोळ्यांनी सूज पुन्हा येण्याचे प्रमाण वाढल्याचे १९९२ मध्येच दिसून आले. थेंबांचा तर नसेला उपयोग नाही, उलट ते सुमारे एक तृतीयांश लोकांत दाब वाढवतात. विशीतला एक मुलगा डोळ्यांच्या खाजेसाठी दुकानातून चिठ्ठीविना आणलेले असे थेंब दोन वर्षे घालत होता. त्याचा दाब ३८ निघाला आणि दृष्टिक्षेत्राच्या कागदावर वरच्या बाजूला काळी कमान उमटली. डोळा कधी दुखला का, असे विचारले, तर तो म्हणाला, “नाही हो, थेंबांनी छान थंड वाटायचे.”