कणीक-गुळाची श्रूजबेरी: चव ‘तीच’ नाही आणि ती औषधही नाही

गेल्या महिन्यात आत्याकडे गेले होते. तिला पंधरा वर्षं मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत आणि पथ्य ती मनापासून पाळते. चहाबरोबर तिने डबा पुढे केला. आत जाडसर, तपकिरी, वरून भेगाळलेली बिस्किटं. तिने स्वतः चार खाल्ली. मी काही म्हणायच्या आतच म्हणाली, “अगं, गुळाची आहेत. मला चालतात. मेसेजमध्ये तसं लिहिलंय.” दोन तासांनी तिने नेहमीप्रमाणे बोटाला सुई टोचली. रक्तातल्या साखरेचा आकडा आला २६८, बराच वर.

तो मेसेज माझ्याकडेही चार ग्रुपांवरून आला आहे. थोडक्यात म्हणणं असं: बाजारातली बिस्किटं म्हणजे मैदा आणि अमोनियाचं विष. पुण्याच्या कयानी बेकरीसारखी श्रूजबेरी बिस्किटं घरीच करा. मैद्याऐवजी कणीक, साखरेऐवजी गूळ, लोण्याऐवजी तेल घ्या, सगळं तेवढ्याच मापाने. कुकरमध्ये मीठ घालून पंधरा मिनिटांत होतात. चव अगदी तीच, खर्च निम्मा, आणि मधुमेहींनीही बिनधास्त खावीत.

मी बारा वर्षं घरी बिस्किटं भाजते आहे. बाजारातल्या आवडत्या बिस्किटांसारखी बिस्किटं घरी करून बघण्यात मला आजही तितकाच आनंद आहे, आणि ती कुणी करू नयेत असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण या मेसेजमधली जवळजवळ प्रत्येक ओळ चुकीची आहे आणि एक ओळ तर धोकादायक आहे. तिथूनच सुरुवात करते.

“मधुमेहींनीही बिनधास्त खावीत.” नाही. गूळ म्हणजे आटवलेला उसाचा रस. त्यातला बहुतेक भाग साखरेचाच असतो, बाकी थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज, थोडं पाणी आणि अगदी थोडे क्षार. रक्तातली साखर वाढवण्याच्या बाबतीत गूळ आणि साखर सख्खी भावंडं आहेत. गुळात लोह असतं हे खरं, पण एका बिस्किटात गूळ येतो साधारण साडेतीन ग्रॅम. तेवढ्यातून मिळणाऱ्या लोहासाठी कुणी साखर वाढवून घेऊ नये.

आता हिशोबच मांडते. माझ्या एका घाण्याला १०० ग्रॅम लोणी, ८० ग्रॅम पिठीसाखर आणि १७५ ग्रॅम मैदा लागतो. त्याची २२ बिस्किटं होतात. लोण्याच्या साधारण ७२० कॅलरी, साखरेच्या ३२०, मैद्याच्या ६१० धरल्या तर एका बिस्किटाला ७५ पडतात. मेसेजप्रमाणे १७५ ग्रॅम कणीक, ८० ग्रॅम गूळ आणि १०० ग्रॅम तेल घेतलं तर? कणीक आणि गूळ मिळून फरक पडतो जेमतेम तीसेक कॅलरींचा, तोही सगळ्या घाण्यात मिळून. आणि लोण्यात सोळा टक्के पाणी असतं, तेलात ते नसतंच, त्यामुळे १०० ग्रॅम तेलाच्या ९०० कॅलरी होतात. म्हणजे ‘हेल्दी’ बिस्किट पडतं ८२ कॅलरींना. साध्या श्रूजबेरीपेक्षा जास्त.

दुकानातल्या साध्या ग्लुकोज बिस्किटाशी ताडून बघितलं तरी तेच. पाकिटामागे वाचा, १०० ग्रॅमला साधारण ४५० कॅलरी आणि १२-१३ ग्रॅम स्निग्धांश दिसेल. माझी घरची लोण्याची बिस्किटं १०० ग्रॅमला ५०० च्या वर जातात आणि त्यांत स्निग्धांश जवळजवळ दुप्पट असतो. घरी केलं म्हणून ते हलकं होत नाही. कणकेत मैद्यापेक्षा तंतू जास्त असतात, ही एक गोष्ट त्या मेसेजच्या बाजूने खरी आहे. पण तंतूंसाठी आपल्याकडे पोळी आहे, भाकरी आहे, उसळ आहे.

“चव अगदी तीच.” या वाक्याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण यामुळे कितीतरी जणी एकदा करतात, बिस्किटं दगड होतात आणि ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून ओव्हन कायमचा बंद करतात. चूक त्यांच्या हाताची नसते, मापाची असते.

श्रूजबेरी हे नाव इंग्लंडातल्या श्रॉपशर परगण्यातल्या गावाचं. पण आपल्याला ठाऊक असलेली श्रूजबेरी पुण्याची. कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवर कयानी बेकरी १९५५ पासून आहे, आणि त्या कागदी पुठ्ठ्याच्या खोक्यासाठी सकाळी रांगेत उभं राहिलेल्याला ही चव कशाची आहे हे सांगावं लागत नाही. लोण्याची आहे. दाताखाली आधी ‘कट्’ आणि मग जिभेवर विरघळणं, हे लोणी, साखर आणि मैदा या तिघांचं काम आहे. तिघांनाही बदललं की बिस्किट कदाचित चांगलं होईल, पण ते दुसरं बिस्किट असेल.

का, ते सांगते. चक्कीवर दळलेली कणीक पाणी भरपूर पिते. दळताना तिच्यातले स्टार्चचे कण मोठ्या प्रमाणात फुटतात आणि फुटलेले कण पाणी ओढतात, शिवाय कोंडाही ओढतो. पोळीला हेच हवं असतं, म्हणून पोळी मऊ राहते. बिस्किटाला याच्या बरोबर उलटं हवं. तिथे पीठ जितकं कमी पाणी पिणारं, तितकं बिस्किट खुसखुशीत. कणकेचा गोळा कोरडा वाटतो म्हणून आपण दूध घालतो, मग आणखी घालतो, मग मळतो, आणि तिथेच चिवटपणा तयार होतो. शंकरपाळ्यांना मोहन कमी पडलं तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. तसंच.

गुळाचं दुखणं वेगळं आहे. पावसाळ्यात गुळाची ढेप पाझरताना पाहिली असेल. त्यातलं ग्लुकोज-फ्रुक्टोज हवेतला ओलावा खेचतं. बिस्किटातही ते हेच करतं. पहिल्या दिवशी कणकेमुळे बिस्किट कडक लागतं आणि तिसऱ्या दिवशी गुळामुळे मऊ, चिवट. साखर मात्र भट्टीत वितळून गार होताना पुन्हा घट्ट बसते, ‘कट्’ तिथून येतो.

आणि तेल. लोणी-साखर फेटताना साखरेचे बारीक कण लोण्यात हवेचे इवलेसे बुडबुडे अडकवत जातात. पाचेक मिनिटांत पिवळं लोणी पांढुरकं दिसायला लागतं, रवीला हलकं लागतं, तो रंग म्हणजेच ती हवा. भट्टीत लोण्यातल्या पाण्याची वाफ याच बुडबुड्यांना फुगवते. तेल पातळ, ते हवा धरून ठेवूच शकत नाही. त्यामुळे तेलाचं बिस्किट एकतर दाट होतं किंवा ट्रेवर पसरून चपटं होतं.

कणीक-गुळाचंच बिस्किट करायचं असेल तर जरूर करा, पण तूप घ्या, सुंठ-वेलदोडा घाला, थोडा रवा घाला आणि त्याला त्याचं स्वतःचं नाव द्या. मी हिवाळ्यात करते आणि घरात आवडीने संपतात. श्रूजबेरी म्हणून मात्र ती कुणाच्या पुढ्यात ठेवत नाही.

“अमोनियाचं विष.” बिस्किटाच्या पाकिटावर ५०३ हा आकडा असतो, तो अमोनियम बायकार्बोनेटचा. ५०० म्हणजे आपला खायचा सोडा. बेकरीत त्याला नुसतं ‘अमोनिया’ म्हणतात आणि घोळ तिथेच होतो. फरशी पुसायच्या बाटलीतला अमोनिया वेगळा, शेतात टाकायचा युरिया त्याहून वेगळा. ही पांढरी पूड साधारण ४० अंशांपासूनच फुटू लागते, ६० पर्यंत तर भराभर, आणि तिचे होतात तीन भाग: अमोनिया वायू, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ. तिन्ही उडून जातात. पातळ, कोरड्या बिस्किटात मागे काहीच उरत नाही. सोडा मात्र मागे उरतो, म्हणून तो जास्त झाला की साबणासारखी चव येते. ओलसर, जाड केकमध्ये वायू अडकून राहील, म्हणून तिथे अमोनिया कुणी घालत नाही.

हा वास मला लहानपणापासून ओळखीचा आहे. दिवाळीआधी आई मैदा, पिठीसाखर, तूप मोजून पिशवीत भरायची आणि आम्ही दोघी भट्टीवर जायचो. बेकरीवाले काका वजन करून घ्यायचे, किलोमागे मजुरी ठरायची, आणि नंबर लागेपर्यंत पिठाच्या पोत्यावर बसून राहायचं. गोळा मळताना ते बरणीतून एक पांढरी पूड काढून चिमटीने टाकायचे. भट्टीचं दार उघडलं की डोळ्यांत खस्सकन पाणी यायचं. मग लांब फळीवरून ट्रे बाहेर, आणि पत्र्याच्या डब्यावर आमच्या नावाची चिठ्ठी. ती बिस्किटं ‘घरचीच’ होती, आणि त्यांत मैदाही होता, अमोनियाही. आज ज्यांना हा मेसेज पुढे पाठवावासा वाटतो, त्यांच्यातल्या कितीजणांनी त्याच डब्यातली बिस्किटं चहात बुडवून खाल्ली असतील!

मात्र अमोनियाबद्दल एक खरी गोष्ट आहे आणि ती मेसेजमध्ये नाही. पिष्टमय पदार्थ कोरड्या उष्णतेवर १२० अंशांच्या पुढे भाजले की त्यांत ॲक्रिलामाइड नावाचं, आरोग्याला घातक ठरू शकणारं रसायन तयार होतं. २००२ मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी ते अन्नात दाखवून दिलं आणि तेव्हापासून ते कमी करण्याचे प्रयत्न चालू आहेत. अमोनियम बायकार्बोनेटमुळे बिस्किटात ते वाढतं, हे सिद्ध आहे. पण ते ज्या दोन गोष्टींपासून बनतं त्या म्हणजे ॲस्परॅजिन नावाचं अमिनो आम्ल आणि ग्लुकोज-फ्रुक्टोजसारखी साखर. पहिलं कोंड्यासकट कणकेत मैद्यापेक्षा जास्त, दुसरं गुळात पांढऱ्या साखरेपेक्षा जास्त. म्हणजे गर्द तपकिरी होईपर्यंत भाजलेल्या कणीक-गुळाच्या बिस्किटाबद्दल या बाबतीत निर्धास्त व्हावं असं काहीच नाही. उपाय साधा आहे. बिस्किट फिकट सोनेरी असतानाच काढायचं, आणि घरी अमोनियाऐवजी चिमूटभर बेकिंग पावडर वापरली तरी श्रूजबेरीला काही फरक पडत नाही.

ज्याची खरोखर काळजी करावी तो पदार्थ वेगळाच आहे: वनस्पती तूप. अर्धवट हायड्रोजन जोडलेल्या तेलातून ट्रान्स फॅट येतं आणि ते हृदयाला वाईट, यात वाद नाही. भारतात जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात ते दोन टक्क्यांपेक्षा जास्त असू नये असा नियम आहे. पाकिटावर ट्रान्स फॅटचा आकडा छापलेला असतो. सुट्या बिस्किटांवर काहीच छापलेलं नसतं, तिथे ‘कशात केलीत?’ एवढं विचारावं. हा प्रश्न त्या मेसेजने विचारला असता तर मी तो स्वतः पुढे पाठवला असता.

कुकरबद्दल थोडंच. शिट्टी आणि रिंग काढून, तळाशी मीठ पसरून नानकटाई होते, मीही केली आहे. पण उष्णता फक्त खालून येते, वाफ आतच फिरते, वरचा भाग पांढरा राहतो आणि एका वेळी सहाच मावतात. २२ बिस्किटांना चार खेपा. ‘पंधरा मिनिटांत’ होणं शक्य नाही, आणि रिकामा कुकर मोठ्या आचेवर तापवल्याने तो खराब होतो ते वेगळंच. आजीच्या काळी पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवायचे ते वरून आच मिळावी म्हणूनच.

खर्च? १०० ग्रॅम लोण्याला साधारण ६० रुपये, मैदा-साखरेला बारा. सव्वातीनशे ग्रॅम बिस्किटं पडतात ७२ रुपयांना, वीज आणि वेळ सोडून. किलोला झाले सव्वादोनशेच्या आसपास. ग्लुकोज बिस्किटांच्या दुप्पट. चांगल्या बेकरीतल्या लोण्याच्या बिस्किटांपेक्षा घरचं स्वस्त पडतं, हे मान्य.

मग श्रूजबेरीच हवी असेल तर. कयानीची कृती माझ्याकडे नाही, ही माझी आहे. मापं वर हिशोबात दिली तीच. लोणी फ्रिजमधून काढून तासभर बाहेर ठेवा. बोट दाबलं की खळगा पडावा, पण लोणी वितळलेलं नको, वितळलं तर हवा धरणार नाही. मिठाचं लोणी असेल तर वेगळं मीठ नको. पिठीसाखर घालून पांढुरकं होईपर्यंत फेटा. व्हॅनिला, चिमूटभर बेकिंग पावडर आणि चाळलेला मैदा घालून बोटांनी फक्त गोळा करा, मळू नका. गोळा होतच नसेल तर एखादा चमचा दूध, त्याहून जास्त नाही. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर भट्टीत पसरतील. अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा किंचित जाड लाटून वाटीने कापा आणि १६० अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटं भाजा. कडा सोनेरी आणि मधला भाग फिकट दिसला की काढायची. त्या वेळी ती बोटाला मऊ लागतात आणि कच्ची राहिली असं वाटून आपण परत आत सरकवतो. सरकवू नका. दहा मिनिटं ट्रेवरच राहू द्या, गार होताना कडक होतील. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका.