250 कोटींचा दंड, भरपाई आणि डेटाचे दलाल: फिरणाऱ्या मजकुरातलं खरं किती?

लातूर, नांदेड, बीडकडच्या शेतकऱ्यांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरतोय. “केंद्राचा नवा डेटा कायदा लागू झाला. तुमची माहिती विकणाऱ्याला 250 कोटी दंड, त्यातून तुम्हाला भरपाई. एक अर्ज करा, माहिती सगळीकडून पुसली जाईल. आणि ज्यांनी स्वतः सही करून कागद दिले त्यांनी आता तक्रार करू नये.” लोक निर्धास्त होऊन तो पुढं पाठवतायत, आणि मला चिंता त्या निर्धास्तपणाची आहे. म्हणून एकेक दावा तपासू.

“कायदा लागू झाला.” डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला, नियम आले नोव्हेंबर 2025 मध्ये. पण संमती घेणं, माहिती सुरक्षित ठेवणं, मागितल्यावर पुसणं ही कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 पासून. लगेच लागू झालं ते माहिती अधिकार कायद्याचं, वैयक्तिक माहिती कधी नाकारता येते हे सांगणारं कलम 8(1)(ञ) बदलणं. त्यामुळं रोजगार हमीच्या विहिरी कुणाला मिळाल्या हे विचारणाऱ्याला ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार देणं सोपं झालं. तुमचा नंबर विकणाऱ्याला मुदत आणि गावातल्या कार्यकर्त्याला दार बंद, हा क्रम मला संतापजनक वाटतो.

“250 कोटी दंड, त्यातून भरपाई.” आकडा कायद्यात आहे, पण ती कमाल मर्यादा आहे आणि ती माहितीच्या सुरक्षेची पुरेशी काळजी न घेणाऱ्यासाठी. दंड जमा होतो भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला या कायद्याखाली एक रुपयाही मिळण्याची तरतूद नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 43अ कलमात भरपाईची जी सोय आहे, तीच हा कायदा मे 2027 पासून काढून टाकतो. खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली असं ठरलं, तर तक्रारदारालाच 10 हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. हे त्या मजकुरात कुठंच नाही.

“एक अर्ज करा, सगळीकडून पुसलं जाईल.” खरी मेख इथं आहे. पुसून घेण्याचा हक्क कायद्यात आहे. माझी माहिती आणखी कुणाकुणाला दिली, हे विचारण्याचाही आहे. पण अर्ज करायचा कुणाकडं? ज्याला तुम्ही माहिती दिली त्याच्याकडं. त्यानं दाद दिली नाही तर आधी त्याच्याच तक्रार यंत्रणेतून जायचं, तिला 90 दिवसांपर्यंत मुदत, मग या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाकडं. लोकांची माहिती गोळा करून विकणाऱ्या दलालाला तर तुम्ही काही दिलेलंच नसतं. त्याचं नाव तुम्हाला ठाऊक नसतं, आणि ‘डेटा ब्रोकर’ अशी वर्गवारीही या कायद्यात नाही. मोंढ्यातल्या आडत्याला बाजार समितीचा परवाना लागतो, तुमच्या सोयाबीनची पट्टी द्यावी लागते, भांडण झालं तर जाऊन उभं राहायला एक कचेरी असते. तुमच्या नावाचा, वयाचा, कर्जाचा सौदा करणाऱ्यासाठी यातलं काहीच नाही.

हे करता येत नाही असं कुणी म्हणू नये. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यानं 2018 मध्येच अशा दलालांची नोंदणी सक्तीची केली. कॅलिफोर्नियानं 2023 मध्ये कायदा करून एकाच अर्जात सगळ्या नोंदणीकृत दलालांना माहिती पुसायला लावण्याची सोय केली. ऑगस्ट 2026 पासून दलालांनी दर 45 दिवसांनी ते अर्ज पाहून माहिती पुसत राहायची आहे. आपल्या कायद्यात नेमकी ही दुरुस्ती हवी. सोबत भरपाईचं कलमही हवं.

आणखी एक भोक बुजवायला हवं. कायद्यानं जाहीर करावीच लागणारी माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे. मतदार यादीच घ्या: नाव, वय, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक. यादी जाहीर असायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण तिला मोबाइल नंबर जोडून विक्रीची वस्तू बनवण्यावर स्पष्ट बंदी हवी.

“स्वतः सही केली, आता तक्रार करू नका.” हे वाक्य सगळ्यात वाईट आहे, कारण ते अडलेल्या माणसालाच दोषी ठरवतं. पीक विम्याची मुदत संपत आलेली, सर्व्हर बंद-चालू, सेवा केंद्रावर रांग. आधार, सातबारा, पासबुकाची झेरॉक्स, अंगठा, ओटीपी. जे मागतील ते माणूस देतो. त्यानं संमती दिली ती विम्यापुरती. कायदाही तेच सांगतो: संमती मोकळेपणानं दिलेली, समजून दिलेली आणि ठरावीक कामापुरती असली पाहिजे, आणि त्याची सूचना मराठीत मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. विम्यासाठी दिलेल्या कागदांवर पुढं कर्जाच्या ॲपचे फोन यायला लागले, तर त्याला कुणाचीही संमती नव्हती.

गावाकडच्या माणसाच्या माहितीला कोण विचारतो, असंही काही जण त्या मजकुराखाली लिहितात. दहावीचा निकाल लागायच्या आत क्लासवाल्यांचे फोन आलेले लातूरचे पालक याचं उत्तर देतील. पलीकडच्याला मुलाचं नावही ठाऊक असतं आणि शाळाही. 2023 मध्ये हैदराबादकडच्या सायबराबाद पोलिसांनी एकाला पकडलं, तेव्हा त्याच्याकडं सुमारे 66.9 कोटी व्यक्ती आणि कंपन्यांची माहिती असल्याचं पोलिसांनी सांगितलं होतं. त्यात नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांच्या याद्या होत्या, वाहनमालकांच्याही होत्या. त्या याद्यांतल्या कुणाला आपलं नाव तिथं असल्याचं आजवर कुणी कळवलं आहे का, हा प्रश्न आपल्या खासदारांना विचारा. दलालांच्या नोंदणीची मागणी त्याच पत्रात लिहा.