सूर्यफूल लावा, शिसं घालवा? थांबा जरा भाऊ

आठवडाभर झालं गावच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, मला एकट्याला चौघांनी पाठवला. म्हणे सांडपाण्याने नासलेल्या वावरात सूर्यफूल नाहीतर मोहरी पेरा, वरून जीवामृत सोडा, जिवाणू शिसं-कॅडमियम खाऊन टाकतात, एका हंगामात जमीन चोख, तेल विका आणि ढेप गुरांना घाला. आमच्या मामांचं वावर नाल्याकाठी, त्यांनी तर दुसऱ्याच दिवशी बियाणं आणलं.

आधी ते "खाऊन टाकतात" बघू. डिझेल सांडलं तर काही जिवाणू खरंच ते खातात, त्याचे रेणू तोडता येतात. शिसं मूलद्रव्य आहे, ते तोडून काय करणार? जिवाणू फार तर त्याचं रूप बदलतात. क्रोमियमच्या बाबतीत याचा उपयोग होतो बरं का, सहा संयुजेचं क्रोमियम जास्त विषारी आणि पाण्यासोबत विहिरीपर्यंत जाणारं, काही जिवाणू त्याचं तीन संयुजेचं करतात, ते बरंच कमी घातक आणि मातीला धरून बसतं. पण बसतं तिथेच.

आता "एक हंगाम". कागद घ्या. एकराची वरची अर्धा फूट माती साधारण 800 टन. समजा किलोमागे 500 मिलिग्रॅम शिसं आहे आणि ते 100 वर आणायचंय, म्हणजे 320 किलो शिसं बाहेर काढायचं. पीक वाळून 4 टन भरलं आणि त्यात किलोमागे 100 मिलिग्रॅम चढलं (हे मी हात सैल सोडून धरतोय) तर निघालं किती? 400 ग्रॅम. 800 हंगाम लागतील भो! त्यात आपली काळी कपाशीची जमीन चुनखडीची, चिकण, ती शिसं असं घट्ट धरते की मुळांना मिळतच नाही. ईडीटीएसारखं रसायन टाकून ते सुटतं, पण सुटलेलं शिसं पावसाबरोबर खाली विहिरीकडे जाऊ शकतं त्याचं काय?

चेर्नोबिलचा, म्हणजे 1986 साली अणुभट्टी फुटली तिथला दाखला आहेच मेसेजमध्ये. तिथे सूर्यफुलं तराफ्यावर ठेवून तळ्याच्या पाण्यात मुळं सोडली होती, पाण्यातलं किरणोत्सारी सीझियम आणि स्ट्रॉन्शियम ओढायला. मातीत तेच 2011 साली जपानच्या फुकुशिमात, तिथल्या अणुप्रकल्पाच्या अपघातानंतर करून पाहिलं, जपानच्या कृषी खात्याच्या चाचणीत सूर्यफुलांनी सीझियमचा जेमतेम दोन हजारावा भाग उचलला.

आणि ढेप! तेलात धातू फारसा उतरत नाही, मागे राहतो तो ढेपेत, आणि ती तुम्ही म्हशीपुढे टाकणार, दूध प्यायचं घरच्या पोरांनी. चुलीत जाळलं तरी राखेत राहतोच, वर धूर.

म्हणजे सगळंच थोतांड का, तर तसंही नाही. 2001 साली एक नेचा सापडला जो वाळलेल्या पानांत दोन टक्क्यांपर्यंत आर्सेनिक साठवतो, पण तो आर्सेनिकचाच गडी. आपल्याकडे जमण्यासारखं म्हणजे वाळा लावून धातू जागच्या जागी अडवणं, माती उडू-वाहू न देणं, आणि पालक-मेथी तिथे अजिबात न घेणं, कॅडमियम पालेभाजीत पटकन चढतं.

बरं, शिसं आहे की नाही हे तरी कुणी तपासलंय? मृद आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात, जस्त-तांबं असतं पण शिसं-कॅडमियम नसतं, ती तपासणी वेगळी सांगून करावी लागते. मामा आता नमुना काढतायत. बियाणं परत न्यायला गेले तर दुकानदार म्हणाला फोडलेली पिशवी घेत नाही.