डॉक्युमेंटेशन जोडायचं कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया विचार करून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते. कोड लिहिणाऱ्या एआय सहायकाला लायब्ररीचं (तयार कोडच्या संचाचं) डॉक्युमेंटेशन, म्हणजे वापराची माहिती, शोधण्याचं साधन जोडावं, या म्हणण्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. सहायकामागच्या भाषा-मॉडेलनं सगळं डॉक्युमेंटेशन आधीच वाचलेलं असतं, मग एआय सहायकाला शोधाचं वेगळं साधन कशाला? हवंच असेल तर अख्खं मॅन्युअल संवादात चिकटवावं. आणि शोधानं चुकीचा उतारा आणला, तर सहायक तीच चूक आणखी ठामपणे सांगेल.

मॉडेलनं बरंचसं वाचलेलं असतं हे खरं, पण वेगवेगळ्या आवृत्त्या एकत्र वाचलेल्या असतात. माहिती तपासणाऱ्या पायडँटिक या पायथन लायब्ररीचं उदाहरण घ्या. जून 2023 मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि ‘डिक्ट’ या मेथडच्या जागी ‘मॉडेल_डंप’ आली. जुनी मेथड अजून चालते, फक्त इशारा देते. त्यामुळे सहायकानं जुना कोड लिहिला तरी कित्येकदा कुणाच्या लक्षात येत नाही. उलटही घडतं: प्रोजेक्ट 1.10 वर अडकलेला असतो, सहायक ‘मॉडेल_डंप’ लिहून मोकळा होतो आणि कोड पडतो. म्हणजे नवीनतम तेच बरोबर, असंही नाही. तुमच्या लॉकफाइलमध्ये (प्रोजेक्टनं वापरलेल्या नेमक्या आवृत्त्यांच्या यादीत) जी आवृत्ती आहे, तिच्यापुरतं उत्तर बरोबर हवं. ही आवृत्ती मॉडेलच्या स्मरणात कुठेही नोंदलेली नसते. ती बाहेरूनच द्यावी लागते. जोडणीचं माझ्या लेखी खरं कारण हे आहे.

मॅन्युअल चिकटवण्याबद्दल: लायब्ररी लहान असेल तर खुशाल चिकटवा, मीही तेच सुचवेन. मोठ्या फ्रेमवर्कला ते जमत नाही. दर प्रश्नागणिक तो सगळा मजकूर मॉडेलपुढे जातो, खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात. शिवाय लांबलचक मजकुराच्या मधोमध दडलेली माहिती मॉडेल्सच्या नजरेतून निसटते, हे 2023 पासूनच्या अभ्यासांत दिसलं आहे.

एमसीपी (मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे सहायकाला बाहेरची साधनं जोडण्याची सामायिक पद्धत) ही नुसती फॅशन आहे, असंही तुम्ही जाता जाता म्हटलंत. अँथ्रॉपिकनं नोव्हेंबर 2024 मध्ये हा प्रोटोकॉल खुला केला. आत जेसन-आरपीसी 2.0 ही संदेश पाठवण्याची ठरलेली पद्धत आहे: सहायक सर्व्हरला विचारतो की तुझ्याकडे कोणती साधनं आहेत, मग त्यातलं एक हाक मारून वापरतो. कोड एडिटर आणि प्रोग्रॅमिंग भाषा एकमेकांना जोडायला लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलनं जे केलं, त्याच धर्तीचं हे काम आहे. सहायक आणि साधन यांच्या प्रत्येक जोडीसाठी वेगळा जोडकोड लिहावा लागत नाही. पण शोध चांगला की वाईट, याबद्दल हा प्रोटोकॉल काहीच हमी देत नाही. इथे तुमचा तिसरा आक्षेप येतो आणि तो मला पूर्ण मान्य आहे.

बहुतेक साधनं डॉक्युमेंटेशनचे तुकडे करून त्यांचे व्हेक्टर (अर्थ दाखवणाऱ्या आकड्यांच्या याद्या) साठवतात आणि प्रश्नाच्या सर्वांत जवळचे काही तुकडे परत देतात. गोम अशी, की ‘सर्वांत जवळचे’ तुकडे नेहमीच असतात. तुम्ही अस्तित्वात नसलेल्या फंक्शनबद्दल विचारलंत तरी हा शोध रिकाम्या हातानं येत नाही, आणि सहायक त्या तुकड्यांच्या आधारे ऐटीत उत्तर देतो. त्यात तुकडे ठरावीक लांबीवर कापलेले असले, तर फंक्शनचं उदाहरण एका तुकड्यात राहतं आणि ‘हे आता काढून टाकलं आहे’ ही टीप दुसऱ्यात जाते. नेमकी नावं शोधायलाही व्हेक्टर तोकडे पडतात. ‘मॉडेल_डंप’ आणि ‘मॉडेल_डंप_जेसन’ त्यांना जवळपास सारखेच दिसतात. एरर संदेश किंवा मेथडचं नाव शोधायला बीएम25 सारखा, नेमके शब्द जुळवणारा जुना शब्दशोधच बरा. दोन्ही एकत्र वापरावेत, तुकडे शीर्षकांनुसार कापावेत, प्रत्येक निकालासोबत आवृत्ती आणि मूळ पानाचा दुवा यावा, आणि जुळणी कमकुवत असेल तर साधनानं सरळ ‘सापडलं नाही’ म्हणावं. एवढं नसेल तर जोडणी न केलेलीच बरी, इथवर मी तुमच्यासोबत आहे.

तुम्ही न काढलेला एक मुद्दा मला जास्त काळजीचा वाटतो. शोधून आलेला मजकूर मॉडेलच्या दृष्टीनं नुसता संदर्भ नसतो. त्यात कुणी सूचना पेरली, तर सहायक ती पाळू शकतो. म्हणून शोधाचं साधन फक्त वाचण्यापुरतं ठेवा, आणि ज्या सत्रात ते चालू आहे तिथे डिप्लॉय करण्याचे (कोड प्रत्यक्ष वापरात आणण्याचे) किंवा गुप्त किल्ल्या (पासवर्डसारखे कोड) वाचण्याचे अधिकार देऊ नका.

तुम्ही जे साधन वापरून पाहिलंत, त्याला एकदा मुद्दाम न असलेल्या मेथडबद्दल विचारा, आणि मग जिचं वागणं दोन आवृत्त्यांत बदललं आहे अशा मेथडबद्दल, आवृत्ती सांगून. पहिल्याला त्यानं गोड बोलून उत्तर दिलं किंवा दुसऱ्यात आवृत्तीकडे काणाडोळा केला, तर ते काढून टाका. काय दिसलं ते मात्र इथे नक्की लिहा. साधनाचं नाव आणि विचारलेला प्रश्न दोन्ही दिलेत, तर इतर वाचकांनाही ताडून पाहता येईल.