‘सजग करदाता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : ओळखपत्र दारात, संशय यादीत

माझ्या मागील लेखावर ‘सजग करदाता’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा उत्तर द्यायचे नाही असे ठरवले होते, दुसऱ्यांदा वाचली तेव्हा दोन ओळींत आटोपावे असे वाटले, आणि तिसऱ्यांदा वाचल्यावर हे लिहायला बसलो. ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, की मतदान केंद्राच्या दारात ओळखपत्राचे नियम कितीही कडक केले तरी निवडणुकीवरचा उडालेला विश्वास त्यामुळे परत येणार नाही, कारण लोकांचा संशय मतदाराच्या चेहऱ्यावर नसून मतदार यादीवर आहे, एवढेच मी त्यात म्हटले होते. त्यावरची आपली प्रतिक्रिया अशी :

“सर, एसीत बसून लोकशाहीवर लिहिणे सोपे असते. आपण कधी मतदान केंद्रावर पाऊल तरी ठेवले आहे का? रेशनला अंगठा चालतो, सिमकार्डला चालतो, मग मतालाच का नको? प्रगत देशांत ओळखपत्राशिवाय आत घेत नाहीत. प्रामाणिक माणसाला कसली भीती? आणि पर्यायी कागदपत्रे अकरा नाहीत, बारा आहेत. आधी अभ्यास, मग उपदेश.”

जिथे आपले बरोबर आहे तिथून सुरुवात करतो, म्हणजे मी हट्टी आहे असे कोणी म्हणायला नको. मतदार ओळखपत्र जवळ नसेल तर २०२४च्या लोकसभेला आणि विधानसभेला जे इतर पुरावे चालत होते ते बारा होते. आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेले बँकेचे वा पोस्टाचे पासबुक, मनरेगाचे जॉब कार्ड वगैरे धरून ती संख्या होते. मी अकरा लिहिले, ही माझी चूक, आणि लेखात ती दुरुस्त केली आहे. बिहारमधल्या विशेष सखोल पुनरीक्षणासाठी, म्हणजे मतदार यादी मुळापासून तपासण्याच्या मोहिमेसाठी, निवडणूक आयोगाने जी कागदपत्रे मागितली होती त्यांची यादी अकराची होती आणि तीच माझ्या डोक्यात राहिली. (पुढे ८ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिथे आधारही स्वीकारायला सांगितले, आणि तीही यादी बाराची झाली.) पण एका आकड्याच्या चुकीवरून ‘आधी अभ्यास, मग उपदेश’ इथवर पोचण्याची आपली घाई मात्र मला कळली नाही. वर्गात एखाद्या मुलाची वजाबाकी चुकली म्हणून त्याला गणितच येत नाही, असे मी एकतीस वर्षांत कुणाला म्हटलेले नाही.

माझ्या घरी एसी नाही. हे सांगावे लागते याचाच मला संकोच वाटतो, पण वाद त्या पातळीवर आपण नेला आहे, मी नव्हे. शिवाय प्रत्येक मतदाराने अंगठा देऊन स्वतःची ओळख सिद्ध करावी असा आग्रह धरणाऱ्या गृहस्थांनी स्वतः टोपणनावाआड राहून लिहावे, आणि ते टोपणनावही ‘करदाता’ असे असावे, याची मला गंमत वाटली. इंग्रजांच्या १९३५च्या कायद्याखाली मताचा अधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर ठरत असे. तो प्रकार घटनेने बंद केला. कर भरणाऱ्याचे मत आज इतरांच्या मतापेक्षा गुंजभरही जड नाही, एवढे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

‘आपण कधी मतदान केंद्रावर पाऊल तरी ठेवले आहे का?’ हा आपला प्रश्न मला सर्वांत जास्त लागला, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवत होतो, आणि मास्तराला निवडणुकीची ड्यूटी चुकत नाही. १९९५च्या विधानसभेला मी पहिल्यांदा मतदान अधिकारी म्हणून गेलो. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी १९९३ साली छायाचित्र असलेल्या ओळखपत्रांचा आदेश काढला होता आणि १ जानेवारी १९९५ नंतर कार्डांशिवाय निवडणुका होऊ देणार नाही असे बजावले होते. ते तसे घडले नाही. आमच्या केंद्रावर आलेल्यांपैकी मोजक्याच लोकांकडे कार्ड होते. मग ओळख कशी पटत होती? मतदाराने नाव सांगायचे, मी यादीतले नाव मोठ्याने वाचायचे, आणि समोर बसलेल्या वेगवेगळ्या पक्षांच्या पोलिंग एजंटांनी मान डोलवायची. एजंटाला शंका असेल तर केंद्राध्यक्षाकडे दोन रुपये जमा करून त्याने हरकत घ्यायची. नियमांत ती तरतूद आजही आहे, आणि रक्कमही तेवढीच, दोन रुपये.

त्या दिवशी दुपारी एक आजी आल्या. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात नवीकोरी मतदार कार्डाची पिशवी. कार्डावर नाव सुमन, यादीत मंदाकिनी. आडनाव, नवऱ्याचे नाव, घर क्रमांक सगळे तेच. आमच्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल होती हे मी आपल्याला वेगळे सांगायला नको. कार्ड काढायला आलेल्या माणसाला त्यांनी माहेरचे नाव सांगितले होते आणि यादीत सासरचे होते. केंद्राध्यक्षांनी एजंटांकडे पाहिले, दोघेही म्हणाले, “अहो, ही आमची मंदाकाकू,” आणि त्यांना मतपत्रिका मिळाली. कागदाशी कागद जुळलाच पाहिजे असा हट्ट तिथे धरला असता तर खरा मतदार परत गेला असता, आणि त्या परत गेल्याची नोंद कुठल्याही रजिस्टरात झाली नसती. १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशी नोंद असलेल्या आणि स्वतःचे नाव न सांगणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रियांना यादीबाहेर राहावे लागले होते. ‘प्रामाणिक माणसाला कसली भीती?’ असे आपण विचारता. मंदाकाकू अप्रामाणिक नव्हत्या, त्यांना दोन नावे होती.

आता १३ ऑक्टोबर २००९, विधानसभेचे मतदान. या वेळी मी केंद्राध्यक्ष होतो. आदल्या दिवशी तहसीलला साहित्य मोजून घेतले, एस.टी.ने गावात पोचलो, शाळेच्या बाकांवर रात्र काढली, पहाटे अभिरूप (चाचणीचे) मतदान घेऊन यंत्राला सील लावले. चारच्या सुमाराला एक पोरगा आला. पुण्यात कंपनीत कामाला होता, मतासाठी मुद्दाम आला होता आणि परतीची गाडी गाठायची म्हणून घाईत होता. कार्ड त्याच्या हातातच. पहिल्या मतदान अधिकाऱ्याने यादीत पाहिले, तर त्याच्या नावावर आधीच खूण झालेली. मतदार नोंदवही मागवून पाहिली. त्याच्या अनुक्रमांकापुढे अंगठा उमटवलेला होता. तो मुलगा आयटीआय झालेला, सही करणारा.

मी त्याला चार प्रश्न विचारले, खात्री करून घेतली, आणि नियमाप्रमाणे प्रदत्त मत दिले. आपल्याला हा शब्द बहुधा ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. आपल्या नावावर दुसऱ्याने मत टाकले असेल तर आपल्याला यंत्रावर बटण दाबता येत नाही. कागदी मतपत्रिका मिळते, तिच्यावर शिक्का मारायचा, ती वेगळ्या पाकिटात जाते, यादीत सही घेतली जाते, आणि ते पाकीट मतमोजणीत धरले जात नाही. पुढे निवडणूक याचिका झाली तरच ते कधी न्यायालयापुढे येऊ शकते. त्याने शिक्का मारून घडी माझ्या हातात दिली आणि विचारले, “सर, हे मोजणार ना?” मी त्याला काय सांगितले ते इथे लिहीत नाही. एवढेच सांगतो, की मी त्याला खरे सांगितले नाही.

आपण आता म्हणाल, बघा, बोगस मतदान होते हे सर स्वतःच कबूल करतात. मी ते नाकारले कधी होते? सकाळी गर्दीच्या वेळी माझ्या पथकाने कार्ड नीट पाहिले असते तर तो अंगठा उमटलाच नसता. ती चूक आमची, म्हणजे केंद्राध्यक्ष म्हणून माझी. त्यासाठी नवा नियम नको होता. होता तोच पुरेसा होता. आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. त्या खोलीत तीन एजंट बसले होते. त्या मुलाला तिघेही ओळखत होते, आणि तो आला तेव्हा एकानेही वर मान करून पाहिले नाही. सकाळी कोणीही दोन रुपये काढले नव्हते. बाहेरगावी गेलेली कोणती नावे यादीत शिल्लक आहेत हे गावात आधीच माहीत असते; बोगस मत दारात जन्माला येत नाही, ते यादीत सहा महिने आधी पेरलेले असते.

हे आपल्याला गावाकडचे किस्से वाटत असतील तर बिहारचे आकडे पाहा. तिथे २४ जून २०२५ च्या आदेशाने पुनरीक्षण सुरू झाले तेव्हा यादीत ७ कोटी ८९ लाख नावे होती. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत ७ कोटी २४ लाख उरली. वगळलेल्या ६५ लाखांत आयोगाच्याच म्हणण्याप्रमाणे सुमारे २२ लाख मयत, सुमारे ३६ लाख स्थलांतरित किंवा न सापडलेले आणि सुमारे ७ लाख एकापेक्षा जास्त ठिकाणी नोंदलेले होते. ही सगळी नावे तोवर यादीत होती आणि त्यांतल्या बहुतेकांना रीतसर ओळखपत्रेही दिलेली होती. मग लोकांचा विश्वास कशामुळे डळमळला? वगळलेल्यांची नावे आणि कारणे आयोगाने आपणहून जाहीर केली नाहीत म्हणून. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने ती कारणांसह प्रसिद्ध करायला लावली, तेव्हा कुठे माणसाला आपले नाव का गेले हे पाहता आले.

आपल्या महाराष्ट्रात काय वेगळे आहे? १७ एप्रिल २०१४ ला पुण्यात मतदान झाले तेव्हा हातात कार्ड घेऊन आलेली माणसे यादीत नाव नाही म्हणून परत गेली. कार्ड खरे होते, मतदार खरा होता, यादी खोटी ठरली. २०२५ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांआधी ‘दुबार मतदार’ हा शब्द घराघरांत पोचला, १ नोव्हेंबरला मुंबईत विरोधकांचा मोर्चा निघाला, आणि सत्ताधारीही आपल्या परीने दुबार नावांचीच भाषा बोलू लागले. राज्य निवडणूक आयोगाने उपाय काय काढला? संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे, आणि तारेवाला मतदार आला तर त्याच्याकडून हमीपत्र. याचे कारण असे, की राज्य आयोग विधानसभेची यादी जशीच्या तशी घेतो, त्यातले नाव स्वतः काढू किंवा घालू शकत नाही. नाव काढायचे नाही, फक्त तारे लावायचे. तारे लावलेल्या यादीपुढे आपला अंगठा काय करणार ते मला समजावून सांगा.

राहिले आपले बाकीचे मुद्दे. त्यांत फार वेळ घालवण्यासारखे काही नाही. अंगठ्याबद्दल विचाराल तर गवंडी, ऊसतोड मजूर आणि म्हाताऱ्या माणसांचे ठसे रेशन दुकानातल्या यंत्रावर उमटत नाहीत हे कुठल्याही दुकानदाराला विचारा. रेशन दुसऱ्या दिवशी घेता येते, मत घेता येत नाही. १,२०० मतदारांच्या केंद्रावर सत्तर टक्के मतदान झाले तर अकरा तासांत ८४० माणसे, म्हणजे माणशी ४७ सेकंद. हे मी पाटीवर मांडून दाखवू शकतो. आणि ‘प्रगत देशां’चे म्हणाल तर इंग्लंडने छायाचित्र ओळखपत्राची सक्ती पहिल्यांदा मे २०२३ मध्ये केली, आणि ज्यांच्या सरकारने तो कायदा केला त्या माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनाच २ मे २०२४ रोजी ओळखपत्र विसरल्यामुळे केंद्रावरून घरी परतावे लागले. प्रामाणिक माणूस तोही असावा.

मी आपल्याशी कठोर बोललो असेन. पण ‘पाऊल तरी ठेवले आहे का’ हे वाक्य लिहिताना आपण समोरच्याचे वय आणि काम विचारात घेतले असते तर मलाही हात आखडता घेता आला असता.

आता एक काम आपण करा. आपल्या इमारतीची मतदार यादी संकेतस्थळावरून उतरवून घ्या, जिने चढून एकेक नाव पाहा, आणि त्यातली किती माणसे तिथे राहतात, किती सोडून गेली, किती वारली, हे मला कळवा. मी माझ्या गल्लीत ते केले आहे. माझी आई २०१९ मध्ये गेली. मृत्यूचा दाखला जोडून फॉर्म ७, म्हणजे नाव वगळण्याचा अर्ज, मी त्याच वर्षी दिला, नंतर पुन्हा एकदा दिला, आणि दोन्ही पोचपावत्या जपून ठेवल्या आहेत. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये बीएलओ (मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकारी) ताई मतदार चिठ्ठ्या वाटत आल्या. माझी आणि पत्नीची चिठ्ठी माझ्या हातात दिली, मग गठ्ठ्यातून तिसरी काढली, नाव वाचले, आणि जरा थांबून ती परत गठ्ठ्यात घातली. आईचे कार्ड अजून कपाटात आहे. फोटो स्वच्छ आलेला आहे.