पोटाला हेडफोन नको, हात लावा

गर्भसंस्काराच्या नावाखाली सध्या जे काही विकलं जातंय, ते पाहून हे लिहितेय. पोटावर बांधायचे स्पीकरचे पट्टे, महिन्यागणिक वेगळे ऑडिओ, वर हुशार बाळाची हमी. पोटातल्या बाळाशी नातं जुळावं ही ओढ अगदी खरी आहे. पण त्यासाठी लागतं ते सगळं घरातच असतं: आईचा आवाज, दोघांचे हात आणि रोजचा अर्धा तास.

आधी आवाजाचं बघू. बाळ आवाजाला प्रतिसाद देतं ते साधारण २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान. तिसऱ्या महिन्यात लावलेलं संगीत आईला बरं वाटावं म्हणून जरूर लावा, बाळाला ते ऐकू येत नसतं. पुढेही आत शांतता नसतेच. आईच्या रक्तप्रवाहाची सळसळ, हृदयाचे ठोके, आतड्यांची गुरगुर सतत चालू असते. बाहेरचा आवाज पोटाची भिंत ओलांडून आत जाताना त्यातले बारीक, उंच स्वर गळतात आणि खर्जातले टिकतात. म्हणजे शब्दांपेक्षा चाल आणि लय पोहोचते. आईचा आवाज तिच्या शरीरातूनही थेट आत जातो, म्हणून तो सगळ्यांत ठळक. अमेरिकेत १९८० साली डीकॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी दाखवून दिलं की नवजात बाळं टेपला जोडलेली चोखणी चोखण्याची लय बदलून परक्या बाईऐवजी आपल्या आईचा आवाज निवडतात. १९८६ च्या अभ्यासात आयांनी शेवटचे सहा आठवडे रोज एकच गोष्ट मोठ्याने वाचली होती. जन्मल्यावर बाळांचा कल त्याच गोष्टीकडे दिसला.

म्हणून रोज नवं काही ऐकवायचा आटापिटा नको. एक ओवी, एक अंगाई किंवा एखादं बडबडगीत धरा आणि रोज दहा-पंधरा मिनिटं नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात म्हणा. कुजबुजू नका, कुजबुजीत खर्ज नसतोच, त्यामुळे आत फारसं काही जात नाही. सूर चुकला तरी चालेल. पोटाला टेकवलेल्या हेडफोनची अडचण अशी की त्याचा आवाज आईच्या कानाला नीट येत नाही, म्हणून तो वाढवत नेला जातो, आणि बाळाला त्यापासून दूर सरकायला जागा नसते. मोझार्टचं संगीत ऐकवलं की बाळ हुशार होतं असं म्हणाल, तर १९९३ चा तो गाजलेला प्रयोग कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाला होता आणि परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं. पोटातल्या बाळांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

आता बाबा. वडिलांच्या आवाजाला नवजात बाळ अशी खास पसंती देताना अभ्यासात दिसलेलं नाही. पण म्हणून बाबांनी बोलणं सोडायचं नाही. त्यांच्यासाठी खरी वाट मात्र स्पर्शाची आहे, आणि इथे बहुतेकांची घाई नडते. आईला पहिली हालचाल १८ ते २० आठवड्यांत जाणवते, दुसरेपणाला थोडी आधीच. वार (प्लासेंटा) पुढच्या बाजूला असेल तर उशिरा, कारण मध्ये ती उशीसारखी येते. बाहेरून हाताला कळायला आणखी काही आठवडे जातात. बाबा दोन मिनिटं हात ठेवतात, काहीच होत नाही, मग मोबाइल हातात घेतात. बाळाची एक झोप २० ते ४० मिनिटांची असते, तेवढं थांबायला हवं.

रात्रीच्या जेवणानंतरची वेळ चांगली. आधी आईने लघवीला जाऊन यावं. मग डाव्या कुशीकडे कलून, पाठीला उशी आणि गुडघे किंचित दुमडून रेलावं. पाठीवर सपाट झोपू नये. वाढलेल्या गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडून चक्कर येते. बाबांनी हात चोळून गरम करून पूर्ण तळवा टेकवावा, बोटं रुतवू नयेत. ३२ आठवड्यांनंतर एका बाजूला लांबट, सलग, टणक भाग लागतो, ती सहसा पाठ. समोरच्या बाजूला बारीक उंचवटे येतात-जातात, ते हातपाय. दर काही सेकंदांनी एकाच जागी लयीत ठोका दिल्यासारखं होत राहिलं तर बाळाला उचकी लागलीय. पोट कडक होत असेल तर चोळणं लगेच थांबवा. वार खाली असेल किंवा रक्तस्राव झाला असेल, तर पोट चाचपायच्या फंदात पडू नका, डॉक्टरांना विचारा.

असा रोज हात ठेवला की २८ आठवड्यांनंतर बाळाची रोजची रीत दोघांनाही कळू लागते, आणि माझ्या मते हेच खरं नातं. यावर प्रसंगी बाळाचा जीवही अवलंबून असतो. हालचाल कमी वाटली तर कुशीवर पडून लक्ष देऊन मोजा. दोन तासांत दहा हालचाली भरल्या नाहीत, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. आकडा भरला तरी नेहमीपेक्षा वेगळं वाटत असेल, तरीही जा. 'नववा लागला, जागा कमी झाली, म्हणून हलत नाही' हे वाक्य घराघरांत ऐकू येतं आणि ते चूक आहे. हालचालीची तऱ्हा बदलते, लाथेऐवजी वळवळ येते, पण बाळ शेवटपर्यंत हलत राहतं. घरी डॉपलर, म्हणजे ठोके ऐकायचं यंत्र, आणून ऐकत बसणंही धोक्याचं. अनेकदा ऐकू येते ती आईचीच नाडी, आणि ठोके बाळाचे असले तरी त्यावरून बाळ ठीक आहे असं ठरत नाही.

घरातल्या मोठ्यांना एक कळकळीची विनंती. सुभद्रेला झोप लागली म्हणून अभिमन्यूचं शिकणं अर्धं राहिलं, ही कथा गरोदर बाईला ऐकवू नका. तिला झोप हवीच आहे. ती रडली, चिडली, एक दिवस काहीच म्हटलं नाही, म्हणून बाळ बिघडत नाही. आधी गर्भपात झालेल्या कितीतरी जणी विसाव्या आठवड्यापर्यंत बाळाशी बोलायला धजत नाहीत. ती भीती समजून घ्या, तिला अपशकुनी म्हणू नका. मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, झोप उडाली असेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल, तर प्रसूतितज्ज्ञांना हे आपणहून सांगा. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. हा फोन बाबांनीही करावा, धास्ती त्यांनाही असते.