खापरपणजोबांना स्टेजवर कसे उभे करावे

घराण्याच्या इतिहासावर स्टँड-अप करायचं ठरवलंय? उत्तम. परवाच असा एक शो सहन केला आहे, त्यामुळे कृती ताजी आहे. लिहून घ्या.

पहिल्या पाच मिनिटांत डझनभर नातेवाईक आणा, तेही नावानिशी. ‘आजीच्या मावसबहिणीच्या धाकट्या दिरानं’ अशी सुरुवात केलीत की लोक नातं जुळवत बसतात आणि पंचलाइन डोक्यावरून जाते. ‘एक कंजूष म्हातारा होता’ एवढ्यावर भागलं असतं, पण मग घराण्याचा मान तो काय राहिला!

वंशावळ पडद्यावर दाखवाच. सहा पिढ्यांचे नुसते थेट पूर्वज धरले तरी १२६ चौकटी होतात. मागच्या रांगेला त्या मुंग्या वाटतील, वाटू द्या. शिवाय विनोदात जो शब्द सर्वांत शेवटी यायला हवा, तो पडद्यावर आधीच झळकतो. तुम्ही तोंड उघडेपर्यंत लोक वाचून मोकळे.

कुणीतरी राजाच्या वंशातलं होतं, हे ठणकावून सांगा. ३० पिढ्या मागे गेलं की प्रत्येकाच्या वंशावळीत १०७ कोटींवर जागा निघतात आणि तेव्हा पृथ्वीवर तेवढी माणसंच नव्हती. म्हणजे तीच माणसं पुन्हा पुन्हा येतात, आणि तुमचा राजा समोर जांभया देणाऱ्यांचाही पूर्वज असू शकतो. हे मात्र बोलू नका.

वेळ संपत आल्याचा लाल दिवा लागला की आजोबांच्या बालपणाला हात घाला.

आता हुकमी एक्का, डीएनए चाचणी. नळीत थुंकायचं, अहवालात ‘१२ टक्के अमुक प्रदेश’ आलं की लगेच त्या लोकांचे हेल काढून दाखवायचे. ते टक्के म्हणजे कंपनीकडच्या, आज हयात असलेल्या लोकांच्या नमुन्यांशी केलेली तुलना. नमुने वाढले की त्याच थुंकीचे टक्के बदलतात. सख्ख्या भावंडांचेही सारखे येत नाहीत. पण वाचतो कोण? अहवालात अनोळखी बाई दिसते, पुढे १,७५० सेंटिमॉर्गन (तिचा-तुमचा डीएनए किती जुळतो त्याचं माप) असा आकडा, की झालं! ‘वडलांची भानगड सापडली!’ अहो, साधारण तेवढाच आकडा सावत्र बहिणीचा येतो, आत्याचा येतो, पुतणीचा येतो, आजीचाही येतो. नुसत्या आकड्यावरून नातं ठरत नाही. वय बघावं लागतं, आईकडची की वडलांकडची ते बघावं लागतं, आणखी नातेवाइकांचे अहवाल ताडून बघावे लागतात. एवढं करायचं कुणी? माइक हातात आहे ना, ठोकून द्या!

आणि समजा, खरंच सावत्र बहीण निघाली. ती जिवंत बाई आहे. आपले वडील कोण, हे तिलाही त्याच अहवालातून कळलं असेल, किंवा अजून कळलंही नसेल. तिचं गाव सांगता, तिचा व्यवसाय सांगता, वर ‘नाव सांगत नाही हं’ म्हणून टाळ्या घेता. क्लिप फिरायला लागली की तिला ओळखणाऱ्यांना नावाची गरज पडेल का? मेलेल्या आजोबांची हवी तेवढी टर उडवा. तिला आधी विचारा. ती नाही म्हणाली तर तेवढा भाग कार्यक्रमातून काढा आणि ती पाच मिनिटं स्वतःवर काहीतरी लिहून भरा. परवाच्या सव्वा तासात स्वतःवर एक विनोद केला नाहीत.